पाय गेला, जीव वाचला. पण बाबा बोलेनासे झालेत. काय करावं?

माणदेशी (प्रश्न)

वडील ५४ वर्षांचे, एसटीत चालक. मधुमेह जुना. अंगठ्याची जखम चिघळली, गँगरीन झालं आणि सात आठवड्यांपूर्वी डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. टाके निघालेत, जखम कोरडी आहे, साखर आटोक्यात आहे. डॉक्टरांच्या लेखी सगळं व्यवस्थित.

घरात मात्र तसं नाही. बाबा दिवसभर मांडीवर चादर टाकून खिडकीशी बसतात. बँडेज बदलताना तोंड फिरवतात. रात्री "बोटं वळतायत" म्हणून उठतात आणि लगेच गप्प होतात. डॉक्टरांना सांगू देत नाहीत, लोक वेडा म्हणतील म्हणून. भेटायला येणारा प्रत्येक जण "जीव वाचला हे काय कमी आहे का?" म्हणतो आणि बाबा मान हलवतात. एकदाच त्यांनी आईला विचारलं, "पायाचं काय केलं त्यांनी?" आईनं विषय बदलला. आता तिनं त्यांचे बूट माळ्यावर टाकलेत, कुणाला तरी देऊन टाकू म्हणते.

कृत्रिम पायाच्या मापाला यायला ते तयार नाहीत. वर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवलाय, सही तेवढी बाकी आहे.

हे दुःख आहे की डिप्रेशन? किती थांबायचं आणि कुठं जोर लावायचा? नेमकं सांगणारं कुणी असेल तर फार बरं होईल.

सावली

माणूस गेला की सुतक असतं, दहावा-तेरावा असतो. रडायला मुभा असते, आणि थांबायचं कधी हेही ठरलेलं असतं. पाय गेला तर लोक शहाळी घेऊन येतात आणि नशीब चांगलं म्हणून जातात. ज्या दुःखाला आजूबाजूचे दुःख मानतच नाहीत, त्यावर अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये सविस्तर लिहिलं. घटस्फोट, गर्भपात, गेलेली नोकरी, गेलेला अवयव, सगळं त्यात येतं. त्यांचा मुद्दा असा की दुःखाला मान्यता मिळाली नाही तर ते कमी होत नाही, माणूस फक्त ते दाखवायचं थांबवतो. बाबांचं मान हलवणं म्हणजे तेच.

म्हणून पहिलं काम: "जीव वाचला" हे वाक्य निदान घरातल्यांनी तरी बंद करायचं. ते खोटं नाही, पण त्यानं बोलणं तिथंच संपतं. त्याऐवजी सरळ विचारा, "सगळ्यात जास्त काय सलतंय?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मिनिटभर शांतता झाली तरी मध्ये बोलू नका. उत्तर बहुधा नुसत्या पायाबद्दल नसतंच. कुणाला मांडी घालून पंगतीत बसता येणार नाही याचं असतं, कुणाला शौचाला दुसऱ्याचा आधार लागतो याचं, कुणाला खाकी पँटची एक बाजू दुमडून ठेवावी लागते याचं.

"पायाचं काय केलं?" याचं खरं उत्तर द्या. त्यांनी विचारलंय म्हणजे ते रोज त्याच विचारात आहेत आणि मनात जे रंगवतात ते खऱ्याहून भयंकर असतं. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार काढलेला अवयव पिवळ्या पिशवीत बंद करून सामायिक प्रक्रिया केंद्रात जातो आणि तिथं भट्टीत जाळतात. जिथं केंद्र नाही तिथं खोल पुरतात. कुणी कचराकुंडीत टाकत नाही. हे दोन वाक्यांत सांगा. पुढं ते काही करू म्हणाले (पाणी सोडणं, नदीवर जाऊन येणं, देवापुढं दिवा), तर हसण्यावारी नेऊ नका. काही मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबं अवयव मागून घेऊन दफन करतात, त्यामागं हीच गरज असते. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी अशी ठरवून शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर हा प्रश्न आधीच रुग्णालयाला विचारून ठेवा.

उरलेल्या पायाकडं बघवत नसेल तर जबरदस्तीनं दाखवू नका, पण टप्पे पाडा. आधी चादरीवरून स्वतःच्या हातानं स्टंपला (पायाच्या उरलेल्या टोकाला) हात लावणं. दोन-चार दिवसांनी मऊ सुती कापडानं स्वतः पुसणं, न बघता चालेल. मग आंघोळीच्या वेळी साबण स्वतः लावणं. मग बँडेजचं एक टोक धरणं, शेवटी पूर्ण बँडेज स्वतः बांधणं. प्रत्येक टप्प्याला तीन-चार दिवस लागतील, मागंही येतील. इथं नेहमी फसतं ते असं की घरचे प्रेमापोटी सगळं स्वतः करतात आणि त्या पायाशी रुग्णाचा संबंधच येत नाही.

एका कागदावर दोन रकाने करा, पण त्यांच्या हातून लिहून घ्या. "कायमचं गेलं" आणि "कृत्रिम पाय बसेपर्यंत गेलं". एसटी चालवणं बहुतेक पहिल्यात. गावात चालत जाणं, देवळाच्या पायऱ्या, शेताची फेरी दुसऱ्यात. घरचे धीर देताना "सगळं पूर्वीसारखं होईल" म्हणतात आणि दोन्ही रकाने एकत्र करून टाकतात. मग माणूस दुसऱ्या रकान्यावरही विश्वास ठेवत नाही. पहिल्या रकान्यातल्या गोष्टींना उपाय सांगायचा नसतो. त्यांचं वाईट वाटू द्यायचं असतं.

दुःखाच्या म्हणून सांगतात त्या नकार, राग, घासाघीस वगैरे पाच पायऱ्या मोजत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मृत्यूच्या दारातल्या रुग्णांबद्दल लिहिल्या होत्या, आणि त्या ओळीनं येतातच असंही नाही. नेदरलँड्समधले अभ्यासक स्ट्रोबे आणि शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेली गोष्ट जास्त उपयोगी आहे: माणूस दुःखाकडं आणि रोजच्या कामाकडं आलटून पालटून जातो, आणि हे जाणं-येणं सुरू असेल तर गाडी रुळावर आहे. सकाळी रडले आणि संध्याकाळी पेपर वाचला तर ती सुधारणा समजा. दिवसभर एकाच जागी अडकले असतील, रडण्यात किंवा "मला काही झालं नाही" यात, तर चिंता करा.

आता डिप्रेशनचं. दुःख लाटांसारखं येतं आणि मध्ये थोडी उसंत देतं; नातवंड आलं की चेहरा हलतो. डिप्रेशनमध्ये दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज, दिवसातला बहुतेक वेळ कशातच मन लागत नाही, आणि "मी ओझं आहे, माझा उपयोग नाही" हे स्वतःबद्दलचं बोलणं वाढतं. डॉक्टर पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी देतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर पुढची तपासणी करायची. मात्र यात एक गफलत होते: झोप, भूक आणि थकवा यांचे गुण शस्त्रक्रिया आणि मधुमेहामुळंही वाढतात. म्हणून पहिले दोन प्रश्न (रस नाही, उदास वाटतं) आणि नववा प्रश्न (मरून गेलेलं बरं) नीट बघा. हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ उतरतं आणि त्यानंही मरगळ येते.

नवव्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. तोवर इन्सुलिन आणि गोळ्या आईच्या ताब्यात ठेवा आणि त्यांना एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. "असं काही मनात येतं का?" हे स्पष्ट विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

खडीसाखर

रात्री बोटं वळतात त्याबद्दल लिहितो, कारण ते सगळ्यात आधी सुटण्यासारखं आहे.

त्यांना आज सांगा: अवयव काढलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तो अवयव जाणवतो. १८७१ मध्ये वेअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरनं यादवी युद्धातले जखमी सैनिक तपासून त्याला "फँटम लिंब" (आभासी अवयव) हे नाव दिलं. मेंदूत पायाचा नकाशा तसाच असतो, फक्त खालून निरोप येणं बंद झालेलं असतं. यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि डॉक्टरांना सांगताना त्या वेगळ्या सांगाव्या लागतात. पाय "आहे" असं वाटणं किंवा बोटाला खाज येणं ही नुसती जाणीव, तिला उपचार लागत नाही. नसलेल्या पायात पेटके, जळजळ, करंट ही फँटम वेदना. आणि उरलेल्या भागातच दुखणं ही स्टंपची वेदना. तिच्यामागं जंतुसंसर्ग, कमी रक्तपुरवठा किंवा कापलेल्या नसेची गाठ असू शकते. एका ठरावीक जागी टिचकी मारली की करंट बसत असेल, किंवा लाली, ऊब, पाणी येणं असेल, तर पुढं सांगतो तो आरशाचा व्यायाम नंतर, आधी सर्जन.

फँटम वेदनेसाठी आरशाचा व्यायाम. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हातांसाठी सुरू केला. २००७ मध्ये पाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांवर जो प्रयोग छापून आला त्यात रोज १५ मिनिटं, चार आठवडे एवढाच डोस होता. पद्धत अशी:

आरसा साधारण चार फूट लांब, सव्वा ते दीड फूट रुंद. काचवाल्याकडून कडा घासून घ्या आणि मागं प्लायवूड चिकटवा, नाहीतर तो पायावर पडतो. पलंगावर पाठ टेकून, पाय लांब करून बसवायचं. आरसा लांब कडेवर उभा, दोन्ही पायांच्या मध्ये, चकाकती बाजू उजव्या पायाकडं. डावा स्टंप आरशाच्या मागं पूर्ण झाकलेला. किंचित उजवीकडं झुकून आरशात पाहिलं की डाव्या पायाच्या जागी पूर्ण पाय दिसतो. उजव्या घोट्यात काळा दोरा असेल तर काढून ठेवा, पँटच्या दोन्ही बाजू सारख्या दुमडा. डोळ्याला खूण सापडली की मेंदू फसत नाही.

मग पंजा वर-खाली, बोटं पसरणं-मिटणं, घोटा गोल. हळू, एकेक हालचाल दहा वेळा, आणि त्याच वेळी नसलेल्या पायानंही तीच हालचाल "करायची". बोटं वळलेली वाटत असतील तर उजव्या पायाची बोटं आधी तशीच वळवा आणि मग सावकाश उघडा. बरेच जण थेट उघडायला जातात आणि पेटका वाढतो.

पहिल्या दिवशी नुसतं दोन-तीन मिनिटं बघू द्या. काही जण त्या क्षणी ढसाढसा रडतात. तो उपचार बिघडल्याचा पुरावा नाही, पण सोबत कुणीतरी असावं. मळमळ किंवा चक्कर आली तर थांबा. आठवडाभरात फरक नाही म्हणून सोडू नका. चार आठवडे पूर्ण करा आणि रोज रात्री वेदनेला ० ते १० मध्ये आकडा देऊन लिहून ठेवा. सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही. तेव्हा गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिनसारखी औषधं असतात. मधुमेह्यात मूत्रपिंडाची तपासणी बघून डोस ठरतो, म्हणून शेजाऱ्याची गोळी देऊ नका आणि चालू झालेली अचानक बंद करू नका.

दुसरं, आणि हे आज रात्रीच करा. झोपेतून उठल्यावर पाय आहे असं वाटतं आणि माणूस सरळ त्यावर उभा राहतो. टाके निघालेली जखम अशा पडण्यानं पुन्हा उघडते. पलंगाच्या डाव्या बाजूला, म्हणजे जिथं पाय खाली पडेल तिथं, जड लाकडी खुर्ची आडवी लावा. उतरायचं उजव्या बाजूनंच. छोटा दिवा रात्रभर, लघवीचं भांडं हाताशी, वॉकर उजवीकडं. मोरीत पाठीची प्लास्टिक खुर्ची चालेल, पण पायांना रबरी बूच हवं.

तिसरं: खिडकीशी दिवसभर बसणं. मनाचं सोडा, गुडघ्याचं वाटोळं होतंय. गुडघा तासन् तास दुमडून राहिला की मागचे स्नायू आखडतात. दहा-पंधरा अंशांचा बाकसुद्धा पाय बसवताना त्रास देतो, वीस-पंचविसाच्या पुढं गेलं तर नेहमीचा सॉकेट (कृत्रिम पायाचा, स्टंप आत बसतो तो वरचा पोकळ भाग) बसवणंच कठीण. खुर्चीत बसले की स्टंपखाली फळी ठेवून गुडघा सरळ हवा. झोपताना गुडघ्याखाली उशी अजिबात नको. ती घरचे मायेनं देतात आणि तीच नडते. दिवसातून तीनदा पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपणं. दर दोन तासांनी मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, दहा वेळा.

आणि स्टंपला गरम पाण्याची पिशवी किंवा तेलाची रगडणी नको. मधुमेहात चटका कळत नाही.

माणदेशी

दोघांचे आभार. बँडेज आम्ही वरून घट्ट बांधत होतो, ते बरोबर की चूक? आणि नातेवाईक म्हणतात की मन तयार होईपर्यंत वर्षभर पायाचा विषयच काढू नका. बुटांचं काय करू?

सॉकेटवाला

बूट माळ्यावरून आजच उतरवा. दोन्ही. देऊन टाकू नका.

कृत्रिम पाय बुटाच्या टाचेच्या उंचीवर जुळवतात. साधा सॅच पंजा (टाचेत मऊ रबर असलेला, घोटा न हलणारा) टाच असलेल्या बुटासाठी बनतो. तो लावून सपाट चपलेत उभं राहिलं तर माणूस मागं रेलतो आणि गुडघा उलटा ताणला जातो. टाच सेंटिमीटरभर जास्त झाली तर पुढं ढकलला जातो आणि गुडघा दगा देतो. म्हणून मापाला येताना रोजच्या वापरातलं पादत्राण आणायला सांगतात. जयपूर फूट वेगळा. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी जयपूरला बनवला तो अनवाणी चालण्यासाठी, उकिडवं बसण्यासाठी, मांडीसाठी, ओल्या शेतासाठी. घरात अनवाणी वावरणार की दिवसभर बुटात, हे आधी बाबांना विचारा आणि मग पंजा ठरवा. बाबांशी पायावर बोलायला हा चांगला निमित्ताचा प्रश्न आहे, त्यात "तयार आहात का?" असं काही विचारावं लागत नाही. उजव्या पायाला मात्र जुना कडक बूट घालू नका. त्या पायालाही मधुमेह आहेच. एमसीआरची (मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची) चप्पल घ्या, आणि तळवा रोज रात्री आरशात बघा.

सावलीताई सावकाश टप्पे पाडायला सांगतात आणि नातेवाईक वर्षभर थांबायला; इथं एका बाबतीत असहमत आहे. मनाला वेळ द्या हे खरं, पण स्टंप वर्षभर थांबत नाही. जखम पूर्ण भरली असेल तर दोन-तीन महिन्यांच्या सुमारास पहिला पाय बसवता येतो. त्याहून फार उशीर झाला की गुडघा आखडतो, उजव्या पायावर भार पडतो, मांडी बारीक होते आणि एका पायानं उड्या मारायची सवय लागते ती मोडत नाही. माप देणं म्हणजे पाय स्वीकारणं नव्हे, असं त्यांना सांगा. प्लास्टरचा साचा घ्यायला अर्धा तास लागतो, दुखत नाही, आणि नको वाटलं तर पाय कपाटात राहील. निर्णय एवढा लहान केला की माणूस येतो.

बँडेज: वरून घट्ट हे चूक आणि अगदी घरोघरी होणारं. खालच्या टोकाशी सर्वात जास्त ताण, वर जाताना कमी होत गेला पाहिजे. वर आवळलं की टोकाशी पाणी साठतं, स्टंप खाली फुगतो, आणि असा स्टंप सॉकेटमध्ये जात नाही. चार इंची क्रेप बँडेज, तिरपे फेरे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, गुडघ्याच्या वरपर्यंत. सरळ गोल फेरे नकोत, ते दोरीसारखे आवळतात. दर चार-सहा तासांनी सोडून पुन्हा. ठणका लागला किंवा निळसर दिसलं तर लगेच काढा. पिन लावू नका, चिकटपट्टी लावा. रक्तपुरवठा कमी असल्यानं पाय गेलाय, तेव्हा किती ताण द्यायचा ते एकदा सर्जनना विचारून घ्या.

गुडघ्याच्या वाटीखाली दहा सेंटिमीटरवर पेनानं खूण करा आणि दर रविवारी सकाळी घेर मोजून लिहा. लागोपाठ दोन-तीन आठवडे आकडा जवळजवळ तोच आला की साचा घ्यायला स्टंप तयार. हे मोजण्याचं काम बाबांनाच द्या. गाडीच्या लॉगशीटची सवय असलेल्या माणसाला आकडे लिहायला आवडतात, आणि टेपच्या निमित्तानं ते स्टंप बघतात.

पाय बसवायच्या दिवसाची तयारी ठेवा. घरच्यांना वाटतं तो आनंदाचा दिवस. कितीतरी जण त्या दिवशी पुन्हा कोसळतात, कारण तोवर मनात कुठंतरी आपला पाय परत मिळणार असं असतं आणि हातात प्लास्टिक येतं. वर तो जड वाटतो. खरं तर गेलेल्या भागापेक्षा हलका असतो, पण स्वतःच्या स्नायूंनी धरलेला नसतो, लटकलेला असतो. त्या दिवशी पेढे, फोटो, व्हिडिओ कॉल काही नको. ब्लेड लावून धावणाऱ्यांचे व्हिडिओ तर मुळीच पाठवू नका. त्यापेक्षा केंद्रातल्या लोकांना सांगा की त्याच वयाचा, गुडघ्याखालूनच पाय गेलेला आणि वर्षभर चालत असलेला माणूस असेल तर भेट घालून द्या. बोलणं त्या दोघांत होऊ द्या, तुम्ही बाहेर चहा प्या.

पहिल्या दिवशी अर्धा-एक तास, मग काढून कातडी बघायची. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर (टेंडनवर) लाली येणारच, भार तिथंच असतो. पंधरा-वीस मिनिटांत गेली तर ठीक. राहिली, किंवा हाडाच्या टोकावर आली, तर पाय बंद आणि केंद्राला फोन. स्टंप पहिले सहा महिने ते वर्षभर बारीक होत जातो. सॉकेट सैल होऊन स्टंप आत बुडाला की वाटीच्या खालच्या कडेला किंवा स्टंपच्या टोकाला टोचतं; मग मोजा वाढवायचा. मोजे वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, ते एकावर एक घालतात. दहा-बारा पदरांच्या वर गेलं की मोजे पुरे, नवा सॉकेट. वर्षात एकदा तरी बदलावा लागेल हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तेव्हा पुन्हा "माझ्याच नशिबी" सुरू होतं. स्टंप धुवायचा रात्री. सकाळी धुतला तर ओली कातडी फुगते आणि घासते.

कपाटात पडून राहिलेले पाय पुष्कळ दिसतात. घरचे म्हणतात बाबांची इच्छाशक्ती नाही, समुपदेशन करा. दहापैकी निम्म्या वेळा तरी सॉकेट टोचत असतो आणि माणूस लाजेनं सांगत नाही. आधी मोजे, मग सॉकेट, मग मन, या क्रमानं तपासा. मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीकडून पाय विनामूल्य मिळतो.

सावली

असहमती मान्य. गुडघ्याच्या बाबतीत घड्याळ चालू असतं, तिथं जोर लावा. एकच भर घालते: येत्या दसऱ्याला काय करायचं ते आतापासून बाबांशी ठरवा. आगारात गाड्यांची पूजा होईल आणि ते घरी असतील. अशा ठरलेल्या दिवशी लाट हमखास येते. जायचं, अर्धा तास जायचं की घरी थांबायचं, हे त्यांनी आधी निवडलेलं असलं की ती अंगावर कोसळत नाही. आणि आईकडं बघा. तिनं अजून रडून घेतलंय असं दिसत नाही. आठवड्यातून एक दुपार तिला घराबाहेर पाठवा, बदली माणूस ठरवून.

हिरवा_झेंडा

नोकरीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. त्या अर्जावर सही होऊ देऊ नका. घरात सांगा की सहा महिने कशावरच सही नाही: निवृत्ती नाही, शेत विकणं नाही, गाडी विकणं नाही. या काळात माणूस स्वतःला शिक्षा केल्यासारखे निर्णय घेतो आणि कागद मात्र कायमचा राहतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २० (४): सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य (त्याच्यासाठी जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवायचं. सरकारी आस्थापनेच्या व्याख्येत केंद्र किंवा राज्याच्या कायद्यानुसार स्थापन झालेली महामंडळंही येतात. अपघात ड्युटीवरच झाला पाहिजे अशी अट नाही. मधुमेहानं पाय गेला तरी लागू. मात्र स्वतःहून निवृत्ती घेतली की हे संरक्षण हातचं जातं, मग भांडत बसावं लागतं. "तू नीघ, पोराला लावून घेतील" असं कुणी सुचवत असेल तर तो नियम लेखी दाखवायला सांगा.

करायचं असं. रजेचा एकही दिवस विनादाखला जाऊ देऊ नका. वैद्यकीय दाखल्यांच्या तारखा एकमेकींना जोडून हव्यात. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज भरा आणि जिल्हा रुग्णालयातल्या मंडळापुढं तपासणी करून घ्या. डिस्चार्ज कार्ड, आधार, फोटो बरोबर. ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र मिळालं की बहुतेक सवलतींना तेच लागतं. मग आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज, प्रत विभाग नियंत्रकांना. अर्जात तीनच गोष्टी: कधी काय झालं, कलम २० (४) प्रमाणे समान वेतनश्रेणीत पर्यायी पद द्यावं, आणि कोणती कामं करता येतील. शेवटचं लिहाच, कारण नुसतं "हलकं काम द्या" म्हटलं की फाइल फिरत राहते. आरक्षण खिडकी, पास विभाग, वाहतूक नियंत्रण कक्ष, भांडार, असं नावानिशी लिहा. ही यादी बाबांनाच करू द्या. आगारात कुठल्या खुर्चीवर काय काम चालतं ते त्यांच्याइतकं तुम्हाला माहीत नाही.

बस पुन्हा हातात येणं अवघड आहे, ते गोड बोलून लपवू नका. पण गेलाय डावा पाय, आणि क्लच नसलेल्या गाडीला तो लागत नाही. स्वतःची मोटार चालवता येईल का हे आरटीओ वैद्यकीय तपासणीवर ठरवतं. पाय बसून चाल स्थिर झाल्यावर विचारा, आत्ता परवाना परत करायची घाई नको.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. महिन्यात उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र, तरीही नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं तक्रार, सोबत शिक्का असलेली प्रत. आगारात पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती फाइलला लावून ठेवा.